अडतीस आटे

डॉक्टरीण पोरगी कागदावर झडप काढून दाखवते.
तीन पाकळ्या, कडेनं ठिपके ठिपके,
म्हणजे चुना.
मी मान हलवतो.
पोरी, बत्तीस वर्षं महापालिकेत चावीवाला होतो,
भांडुपच्या टेकडीपासून खाली कोकणनगरपर्यंत
सत्तावीस व्हॉल माझ्या हातातले.
चुना धरलेला व्हॉल कसा कुंथतो
ते मला मनगटानं माहीत आहे.
पण हे तिला सांगत नाही.
ती फार मेहनतीनं पाकळ्या काढतेय.

भोक उरलंय पॉइंट सात.
असायला हवं तीनच्या वर.
म्हणजे चार इंची लाईनीला दोन इंची गळा.
टेकडीवरच्या चाळीत पाणी चढायचं नाही तेव्हा
बायका माझ्या नावानं बोटं मोडायच्या.
आता मीच तिसऱ्या मजल्यावर अडतो,
दारांवरच्या पाट्या वाचत उभा राहतो,
फाटक, चेउलकर, डिसिल्वा, एक कुलूप,
कुणी आलं की खिसे चाचपतो, जणू किल्ली विसरलो.
गेल्या महिन्यात दूधवाल्यासमोर बसलोच खाली.
डोळ्यांपुढं पांढरं झालं, मग जिना परत आला.
चप्पल तुटली, त्याला म्हटलं.
त्यानं माझ्या धड चपलेकडं बघितलं.

धातूची झडप जन्मभर टिकते,
पण रक्त पातळ ठेवायची गोळी, सारख्या तपासण्या,
मेथी खायची तीही मोजून,
आणि रात्री सगळं निजलं की
टिकटिक ऐकू येते म्हणे काहींना.
"तीस वर्षं तुमच्या साडेतीनच्या गजरानं उठले,"
इंदुमती म्हणाली. "आता छातीत घड्याळ नको."

मग गाईची. हृदयावरच्या पिशवीपासून करतात.
दहा-पंधरा वर्षं चालते.
मी सदुसष्ट. बोटांवर बेरीज करतो,
शलाका माझी बोटं बघते,
मी हात खिशात घालतो.
गाईचं म्हणजे पाप की पुण्य, इंदुमतीचा प्रश्न.
"आजी, डुकराचीही मिळते."
त्यावर सगळे हसलो,
आणि हसण्याचीच धाप लागली मला.

मांडीतून नळी सारून बसवतात, तेही आहे.
छाती उघडायची नाही, चार दिवसांत घरी.
जावयानं आकडा मोबाईलवर लिहून दाखवला,
तोंडानं उच्चारला नाही.
भला माणूस.
मला देवगडकडची पडीक जागा आठवली.
त्याला माझ्या आधी आठवली असणार.

आणि काहीच नाही केलं तर?
पोरीनं पेनाला टोपण लावलं.
"दोन वर्षं. कदाचित कमी."
एवढंच तिनं कागदाकडं न बघता सांगितलं.

सोमवारी पुन्हा परळ.
फॉर्म टीव्हीवर ठेवलाय, वर चष्म्याची डबी.
एक चौकोन अजून कोरा.

पहाटे जाग येते ती येतेच.
मोतीराम तांडेल शिकवायचा:
व्हॉल झटक्यात उघडायचा नाही कधी.
अडतीस आटे. दर चार आट्यांनी थांब,
लाईनीचं ऐक, मग पुढं.
घाई केलीस तर पाणी आतून धडक मारतं,
कुठला तरी जुना सांधा फुटतो
आणि तेव्हा आपण तिथं नसतो.

आमच्या गल्लीत आता नवा पोरगा येतो, मोटरसायकलवरून.
आज उतरलो खाली. उतरायला काही लागत नाही.
कानात इअरफोन, चावी भराभरा फिरवतोय,
भिंतीतले पाइप थडथडतायत.
"हळू रे. मोज."
त्यानं एक कान मोकळा केला,
चावी माझ्याकडं सरकवली.
"काका, तुम्हीच करा की."
लोखंड गार होतं, ओळखीचं.
चार आटे फिरवले
आणि थांबलो.
लाईनीचं ऐकायला थांबलो,
असं त्याला वाटलं.